दृष्टांताची मर्यादा : शुभवर्तमानातील कथा आणि त्यांचे रूपकार्थ

विषयप्रवेश

दृष्टांत हा शब्द परमार्गाच्या अभ्यासकास नवा नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी जीवांना कळावे म्हणून जे दृष्टांत वेळोवेळी निरूपिले, ते केशिराजबासांनी १३व्या शतकाच्या अखेरीस 'दृष्टांतपाठ' या ग्रंथात एकत्र केले. ११४ दृष्टांतांच्या या ग्रंथाची मांडणी त्रिविध आहे. आरंभी सूत्र, त्यानंतर दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र व दृष्टांत ही स्वामींची वचने होत; त्यांचा संबंध उलगडून दाखविणारे दार्ष्टांतिक हे केसोबासांचे. ही मांडणी आपल्या इतकी परिचयाची झाली आहे की ती तशी का केली, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या ग्रंथाकडे पाहून जितके स्पष्ट होते, त्याहून अधिक दुसऱ्या एखाद्या परंपरेचा इतिहास पाहिला असता स्पष्ट होते. ख्रिस्ती धर्माच्या शुभवर्तमानांत येशूने सांगितलेले पुष्कळ दृष्टांत आहेत. त्यांचे अर्थ लावताना पहिल्या चार-पाच शतकांतील ख्रिस्ती आचार्यांनी जे मार्ग अवलंबिले, त्यांत कोठे लाभ झाला व कोठे हानी झाली, हे पाहण्याचा प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे. परमताचे खंडन वा मंडन हा येथील विषय नव्हे. दृष्टांत कसा ऐकावा, एवढेच शिकावयाचे आहे.

समजण्यास सोपे जावे म्हणून उदाहरणे पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या मावळी मुलखातील घेतली आहेत. येशूचे दृष्टांत ज्या भूमीत सांगितले गेले तीही डोंगरांची, खडकांची, पायवाटांची व गुराढोरांची भूमी होती. तेथील श्रोते शेतकरी, मेंढपाळ आणि मजूर होते. नीरेच्या किंवा कानंदीच्या खोऱ्यातील वाचकास त्या कथा समजण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

दृष्टांत आणि त्याचे अवयव

जन्मांधांनी हत्ती पाहिल्याचा दृष्टांत सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या हाती पाय आला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, ज्याच्या हाती कान आला त्याला तो सुपासारखा वाटला. डोळस पुरुषाला मात्र संपूर्ण हत्ती दिसतो. एकदेशी ज्ञान आणि संपूर्ण ज्ञान यांतील अंतर दाखविणे हे या दृष्टांताचे प्रयोजन होय.

आता एखाद्या वक्त्याने असे विचारले की, कान जर सूप, तर त्या सुपाने पाखडावयाचे धान्य कोणते? पाय जर खांब, तर त्या खांबांवर उभे असलेले छप्पर कोणते? आणि या प्रश्नांची उत्तरेही त्यानेच कल्पिली. उत्तरे चमत्कृतिपूर्ण असतील, श्रोते माना डोलावतील. परंतु एकदेशी ज्ञानाविषयीचा मूळ उपदेश तेवढ्यात हातचा सुटून जाईल. गंमत अशी की हा वक्ता त्या जन्मांधांच्याच पंक्तीत जाऊन बसला आहे. त्याने दृष्टांताचा एक अवयव धरला आणि त्यालाच दृष्टांत म्हटले.

केसोबासांनी सूत्र आधी ठेवले ते याकरिताच उपयोगी पडते. सूत्र हे दृष्टांताचे प्रयोजन बांधून देते. दार्ष्टांतिक हे त्या प्रयोजनापुरते साम्य दाखवून थांबते. या दोहोंच्या मध्ये दृष्टांत सुरक्षित राहतो. शेताला दोन्ही अंगांनी बांध असला म्हणजे पाणी खाचरात राहते. बांध फुटला की तेच पाणी माती घेऊन ओढ्यात जाते.

पेरणाऱ्याचा दृष्टांत

शुभवर्तमाने चार : मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्या नावांची. त्यांपैकी मार्कचे शुभवर्तमान सर्वांत जुने असून ते इ. स. ७० च्या सुमाराचे असावे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. पेरणाऱ्याचा दृष्टांत मत्तय, मार्क व लूक या तिन्ही ग्रंथांत आला आहे. एक मनुष्य मुठीने बी फेकीत पेरणी करतो. काही दाणे वाटेवर पडतात व पाखरे ते टिपून नेतात. काही खडकाळ जागी पडतात. तेथे माती थोडी असल्याने ते लवकर उगवतात व उन्हाने लवकरच करपतात. काही काटेरी झुडपांत पडतात व तेथे त्यांची वाढ खुंटते. काही चांगल्या जमिनीत पडून तीसपट, साठपट, शंभरपट पीक देतात.

वेल्ह्याच्या वरकस जमिनीत नाचणी किंवा वरई करणाऱ्यास हे वर्णन वाचून समजावून घ्यावे लागत नाही. मुरमाड माळावर बोटभर मातीत पडलेला दाणा पहिल्या पावसाने सर्वांआधी हिरवा होतो. पावसाने आठ दिवस ओढ दिली की सर्वांआधी तोच पिवळा पडतो. करवंदीच्या जाळीत पडलेले बी उगवते, पण त्याला कणीस धरत नाही.

या दृष्टांताचे वैशिष्ट्य असे की याचे दार्ष्टांतिक शुभवर्तमानातच दिले आहे. बी म्हणजे वचन. वाट, खडक, काटे व सुपीक जमीन म्हणजे ऐकणाऱ्यांचे चार प्रकार. ऐकले आणि तत्काळ हरवले, तो पहिला. आनंदाने स्वीकारले पण संकट येताच सोडले, तो दुसरा. संसाराच्या चिंता व धनाचा मोह यांनी ज्याच्या ठिकाणी वचन गुदमरले, तो तिसरा. ऐकून जो फळास आला, तो चौथा. येथे कथेच्या अनेक अवयवांना अर्थ दिलेला आहे, हे खरे. ते समीकरण कितपत येशूचे व कितपत आरंभीच्या शिष्यवर्गाचे, याविषयी आधुनिक अभ्यासकांत मतभेद आहे. तथापि ग्रंथाने जे दार्ष्टांतिक दिले ते श्रोत्याला स्वतःकडेच वळविते : मी यांपैकी कोणती जमीन आहे? प्रयोजन ढळलेले नाही.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तीसपट, साठपट व शंभरपट या आकड्यांचा अर्थ शुभवर्तमानाने सांगितलेला नाही. पीक कोठे कमी कोठे अधिक येते, एवढाच त्यांचा भाव. परंतु भाष्यकारांना ती जागा मोकळी सापडली. ३ऱ्या शतकात आफ्रिकेतील कार्थेजचे धर्माध्यक्ष सिप्रियन यांनी शंभरपट फळ हुतात्म्यांचे आणि साठपट फळ ब्रह्मचारिणींचे, असा अर्थ लावला. सिप्रियन ज्या काळात होते तो छळाचा काळ होता व ते स्वतःही इ. स. २५८ मध्ये मारले गेले. पुढे ४थ्या शतकाच्या अखेरीस, छळ संपल्यावर, जेरोम यांनी शंभरपट फळ ब्रह्मचारिणींना, साठपट विधवांना व तीसपट विवाहितांना दिले. धान्य तेच, माप तेच. परंतु पहिल्या मानाचे स्थान ज्या काळी ज्याला द्यावेसे वाटले त्याला ते मिळाले. मूळ दृष्टांतात जो प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावयाचा होता, त्याच्या जागी आता दुसऱ्यांची प्रतवारी आली.

प्रसंग बदलला की प्रयोजन बदलते

हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत दोन शुभवर्तमानांत आहे. शंभर मेंढरांपैकी एक चुकते. धनी नव्याण्णव सोडून त्या एकाच्या शोधास जातो आणि सापडल्यावर त्याला हर्ष होतो. लूकच्या ग्रंथात हा दृष्टांत टीकाकारांना उद्देशून आहे. येशू पापी समजल्या जाणाऱ्या लोकांच्या पंक्तीला बसतो म्हणून ते कुरकुर करीत होते. त्यांना उत्तर म्हणून सांगितलेल्या कथेत भर आहे तो सापडल्याच्या आनंदावर. मत्तयच्या ग्रंथात हाच दृष्टांत शिष्यांना सांगितला आहे. समुदायातील लहानांना तुच्छ लेखू नका, हे तेथील प्रकरण. म्हणून भर आहे तो शोधण्याच्या कर्तव्यावर. कथा एकच, परंतु एके ठिकाणी ती आक्षेपाचे उत्तर झाली व दुसऱ्या ठिकाणी अधिकाऱ्यांस आज्ञा झाली.

आपल्याकडेही सूत्र कोणत्या लीळेत, कोणाला, कशावर बोलले गेले हे जाणल्यावाचून त्याचा अर्थ निश्चित होत नाही, असे पूर्वाचार्य मानीत. केसोबासांनी लीळाचरित्रातून वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. पाठांतरास तो सुलभ झाला. परंतु वचने प्रसंगापासून वेगळी झाली. ती उणीव भरून काढण्यासाठी सूत्रांची प्रकरणे सांगणारे 'प्रकरणवश' वाङ्मय परंपरेने निर्माण केले. या परिश्रमाचे मोल पुढील उदाहरणावरून कळेल.

इ. स. १९४५ मध्ये ईजिप्तमधील नाग हम्मादी गावाजवळ मातीच्या रांजणात ठेवलेल्या प्राचीन पोथ्या सापडल्या. त्यांत थोमाच्या नावाचे एक शुभवर्तमान आहे. त्यात कथानक नाही, प्रसंग नाहीत. येशूची म्हणून केवळ वचने एकापुढे एक दिली आहेत. या वचनांचा अर्थ ज्याला सापडेल त्याला मृत्यू नाही, असे आरंभीच सांगितले आहे. पेरणाऱ्याचा दृष्टांत येथेही आहे, पण त्याचे दार्ष्टांतिक नाही. हरवलेले मेंढरूही आहे. परंतु ते आता शंभरांतील सर्वांत मोठे मेंढरू झाले आहे आणि धनी त्याला म्हणतो की नव्याण्णवांपेक्षा तूच मला अधिक प्रिय. धनगरवाड्यावरील कोणाही वृद्धास विचारावे. सायंकाळी एक वासरू आले नाही तर ते थोर म्हणून कोणी शोधावयास जात नाही. ते आपले आहे आणि रानात एकटे आहे म्हणून जातो. थोमाच्या ग्रंथात मात्र दुर्बळाचा दृष्टांत श्रेष्ठाचा झाला. अर्थ आधी ठरला आणि त्याला जुळावी म्हणून कथाच बदलली, असे येथे दिसते.

त्याच पोथ्यांत 'सत्याचे शुभवर्तमान' या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ आहे. त्या काळी बोटांवर मोजण्याची अशी रीत होती की नव्याण्णवपर्यंतची संख्या डाव्या हातावर मोजावी आणि शंभराला उजव्या हातावर यावे. त्या रीतीचा आधार घेऊन, एक मेंढरू सापडताच संख्या डावीकडून उजवीकडे जाते, उणेपण पूर्णतेत जाते, असा गूढार्थ तेथे लावला आहे. कल्पना कुशल आहे यात शंका नाही. परंतु मेंढरू कोठे राहिले? रानात चुकलेल्या जिवाचा शोध घेण्याऐवजी श्रोता आपल्या हाताची बोटे मोजीत बसला.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. थोमाच्या शुभवर्तमानात ११४ वचने मोजली जातात आणि दृष्टांतपाठातही ११४ दृष्टांत आहेत. हे वाचताच ज्याच्या मनात काही रहस्य असल्याचा विचार आला असेल त्याने थोडे थांबावे. थोमाच्या वचनांना आकडे आधुनिक संपादकांनी दिले आहेत, मूळ पोथीत ते नाहीत. योगायोगाने जुळलेली संख्या किती वेगाने मनाला खेचते, याचा अनुभव यावा म्हणून ती येथे सांगितली.

मजुरांचे तास

संख्येचा हा मोह किती दूर नेतो, याचे प्रसिद्ध उदाहरण द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दृष्टांताचे आहे. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या व अकराव्या तासाला आणखी मजूर आणतो. आणि सायंकाळी सर्वांना सारखीच मजुरी देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. भातलावणीच्या दिवसांत मजुरी करणाऱ्यास ती कुरकुर चांगली समजेल. धन्याचे उत्तर असे की ठरलेले तुला दिले. मी उदार झालो याचे तुला वाईट का वाटावे?

इ. स. २ऱ्या शतकात व्हॅलेंटिनस यांच्या अनुयायांचा एक पंथ होता. दिव्य लोकात तीस तत्त्वे आहेत, असे त्यांचे मत. त्यांनी पहिला, तिसरा, सहावा, नववा व अकरावा या तासांची बेरीज केली. ती तीस आली. झाले, दृष्टांतातून तीस तत्त्वे सिद्ध झाली! इ. स. १८० च्या सुमारास लिऑनचे धर्माध्यक्ष इरेनिअस यांनी या पद्धतीचा प्रतिवाद केला. त्यांनी दिलेला दाखला मार्मिक आहे. एखाद्या कारागिराने रत्ने जडवून राजाची सुंदर प्रतिमा केली. दुसऱ्याने तीच रत्ने उपटून त्यांची कुत्र्याची किंवा कोल्ह्याची आकृती मांडली आणि रत्ने राजाच्याच प्रतिमेतील आहेत म्हणून हाच राजा, असे लोकांना सांगितले. रत्ने खरी असली तरी प्रतिमा खोटी आहे. शब्द ग्रंथातले आहेत, एवढ्याने अर्थ ग्रंथातला होत नाही.

पुढे दोनशे वर्षांनी, ४थ्या शतकाच्या अखेरीस, अंत्युखिया येथील प्रवचनकार योहान क्रिसोस्तोम यांनी याच मजुरांच्या दृष्टांतावर बोलताना नियम सांगितला. दृष्टांतातील प्रत्येक शब्दाची चिकित्सा करीत बसू नये. तो ज्या हेतूने रचला तो हेतू जाणून घ्यावा आणि त्यापुढे जाऊ नये, असा त्याचा आशय. दृष्टांतपाठाची मांडणी ज्याच्या परिचयाची आहे त्याला हा नियम घरचाच वाटेल. १९व्या शतकाच्या अखेरीस जर्मन अभ्यासक अडोल्फ यूलिखर यांनी हाच विचार विस्ताराने मांडून दृष्टांताला एकच प्रतिपाद्य असते असे म्हटले. त्यांची भूमिका फार ताठर होती, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले आहे. कारण काही दृष्टांतांत अनेक अवयवांचे साम्य मुळातच अभिप्रेत असते. तरी हेतू आधी व साम्य नंतर, हा क्रम टिकून राहिला.

शोमरोनी वाटसरू

आता सर्वांत प्रसिद्ध दृष्टांत पाहू. एका शास्त्र्याने येशूला विचारले की, ज्याच्यावर प्रीती करावी असा माझा शेजारी कोण? उत्तरादाखल येशूने कथा सांगितली. एक मनुष्य यरुशलेमहून यरीहोस उतरत असता लुटारूंनी त्याला लुटले, मारले व अर्धमेला करून टाकले. एक याजक आला व बाजूने निघून गेला. मंदिराचा सेवक असा एक लेवी आला, तोही गेला. मग एक शोमरोनी आला. यहुदी लोक शोमरोन्यांना हीन लेखीत असत. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस घातला, आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेले, धर्मशाळेच्या रखवालदाराला दोन नाणी दिली व अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले. या तिघांपैकी शेजारी कोण ठरला, असे विचारून येशूने शास्त्र्याला तसेच करण्यास सांगितले.

ती वाट सुमारे २७ किलोमीटरांत १,००० मीटर खाली उतरते. तोरण्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर, यावरून उताराची कल्पना यावी. भोरहून वरंध घाटाने किंवा केळदहून मढे घाटाने कोकणात पायी उतरण्याची ज्यांनी वडिलधाऱ्यांकडून वर्णने ऐकली आहेत, त्यांना अशा वाटेवर जखमी होऊन पडणे म्हणजे काय, हे सांगावे लागणार नाही. जो प्रथम येईल त्याच्यावरच जीव अवलंबून.

या कथेचा जो रूपकार्थ रूढ झाला, तो अलेक्झांड्रियाचे आचार्य ओरिजेन यांनी ३ऱ्या शतकात एका वृद्धाकडून ऐकलेला म्हणून नोंदविला आहे. तो मनुष्य म्हणजे आदिपुरुष आदाम. यरुशलेम म्हणजे स्वर्ग, यरीहो म्हणजे जग. लुटारू म्हणजे विरोधी शक्ती. याजक म्हणजे नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त. जनावर म्हणजे त्याचे शरीर. धर्मशाळा म्हणजे ख्रिस्तमंडळी. दोन नाणी म्हणजे पिता व पुत्र. परत येणे म्हणजे पुनरागमन. पुढे ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी रखवालदार म्हणजे प्रेषित पौल मानला आणि दोन नाणी म्हणजे प्रीतीच्या दोन आज्ञा, असे म्हटले. नाणी तीच, एका आचार्याच्या हाती त्यांचे मोल एक, दुसऱ्याच्या हाती दुसरे.

यात हानी कोणती झाली? शोमरोनी म्हणजे साक्षात् तारक, असे म्हटले की हीन मानलेल्या माणसाने जे केले ते आपल्या याजकाने केले नाही, हा कथेतील काटा निघून गेला. यरीहो म्हणजे जग, असे म्हटले की वाटेवर पडलेला खरा मनुष्य दिसेनासा झाला. शास्त्र्याला करावयास सांगितले होते. रूपकार्थाने त्याला जाणावयास दिले. कर्तव्याच्या जागी तत्त्वज्ञान आले म्हणजे श्रोत्याला सोयीचे वाटते, कारण तत्त्वज्ञान ऐकून घरी जाता येते.

येथे परमार्गाच्या अभ्यासकाने विशेष सावध असावे. ही कथा ऐकताच आपल्यालाही ती आपल्या सिद्धांताशी जुळविण्याचा मोह होईल. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे आपले चार पदार्थ. घायाळ मनुष्य म्हणजे जीव. वाट म्हणजे प्रपंच. पाहून निघून गेलेले याजक व लेवी म्हणजे देवता, कारण त्या मोक्ष देऊ शकत नाहीत. आणि कृपेने जवळ आलेला तो परमेश्वर! किती नेटके जुळते! पण जुळते एवढ्यानेच ते खरे ठरत नाही. व्हॅलेंटिनस यांच्या अनुयायांची बेरीजही तंतोतंत जुळली होती. असा अर्थ त्यांच्या ग्रंथातही नाही आणि आपल्या सूत्रातही नाही. चार पदार्थांचा विचार सूत्रांनी स्वतंत्रपणे व स्पष्टपणे सांगितला आहे. त्याला शोमरोनी वाटसरूच्या आधाराची गरज नाही. आणि त्या घायाळाला आपल्या सिद्धांताची नव्हे, तेलाची व पट्टीची गरज होती.

ओरिजेन यांस न्याय

एवढे सांगून ओरिजेन यांस दोषी ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे प्राचीन यहुदी ग्रंथ होते. त्यांतील पुष्कळ कथा शब्दशः घेता त्यांच्या श्रोत्यांना पटत नसत. अलेक्झांड्रियात यहुदी तत्त्वज्ञ फिलो यांनी रूपकार्थाची वाट आधीच पाडली होती आणि ग्रीक विद्वान होमरच्या काव्यांचे तसेच अर्थ लावीत. मनुष्याला जसे शरीर, प्राण व आत्मा, तसे शास्त्रवचनालाही तीन स्तर असतात, असे ओरिजेन मानीत. शिवाय शोमरोन्याचे रूपक सांगून झाल्यावर, आपणही त्याचे अनुकरण करून घायाळांजवळ गेले पाहिजे, हे त्यांनी श्रोत्यांना सांगितले. त्यांनी आज्ञा सोडली नाही. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी समीकरणे तेवढी घेतली.

ऑगस्टीन यांनी या प्रश्नाचा विचार अधिक खोलवर केला होता. एखाद्याने वचनाचा अर्थ ग्रंथकाराच्या मनात नव्हता असा लावला, परंतु त्यातून ईश्वराविषयी व शेजाऱ्याविषयी प्रीतीच वाढली, तर तो वाट सोडून शेतातून चालत गेला आणि तरी योग्य त्याच ठिकाणी पोहोचला, असे ते म्हणतात. मात्र त्याची चूक त्याला दाखवून द्यावी, कारण वाट सोडण्याची सवय लागली तर तो एके दिवशी भलतीकडे जाईल. राजगडाहून तोरण्याकडे डोंगरधारेने जाणाऱ्यास याचा अर्थ लगेच उमगेल. स्वच्छ हवेत वाट सोडून कारवीतून गेले तरी धार दिसत असते व मनुष्य पोहोचतो. श्रावणातील धुक्यात तीच सवय कड्यावर नेते.

शुभवर्तमान मराठीत

मराठी भाषेत या कथा प्रथम कशा आल्या, हेही पाहण्यासारखे आहे. इ. स. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलातील इतिहास ओवीबद्ध मराठीत रचला. तो 'क्रिस्तपुराण' ग्रंथ इ. स. १६१६ मध्ये राचोल येथे छापला गेला. त्याचे दोन भाग असून एकूण ओव्या जवळजवळ अकरा हजार आहेत. छापील प्रत रोमन लिपीत होती. देवनागरीतील आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी इ. स. १९५६ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध केली. पुराण ऐकण्याची ज्यांना सवय होती त्यांना स्टीफन्स यांनी पुराणच दिले.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील, भोरपासून फार दूर नसलेल्या केडगावचे. पंडिता रमाबाई यांनी तेथील मुक्ती सदनात राहून हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले आणि इ. स. १९२२ मध्ये देहावसान होईपर्यंत त्या या कार्यात होत्या. संस्कृताचे पांडित्य असूनही त्यांनी साधी मराठी निवडली, कारण ग्रंथ सामान्य स्त्रियांना वाचता यावा ही त्यांची इच्छा होती. येथे नागदेवाचार्यांचे स्मरण होते. स्मृतिस्थळातील प्रसंग सर्वांस ठाऊक आहे : केसोबासांसारखे पंडित संस्कृतात बोलू लागले असता, त्यामुळे साध्या बायाबापड्या वंचित होतील, म्हणून आचार्यांनी मराठीचा आग्रह धरला. दोघांच्या मार्गांत अंतर मोठे आहे. परंतु उपदेश ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचला पाहिजे, ही चिंता एकच आहे. रूपकार्थाच्या अतिरेकाने नेमके उलट होते. साधी कथा पंडितावाचून कळेनाशी होते आणि ज्याला ती ऐकताक्षणी कळली असती तो श्रोता परावलंबी होतो.

अभ्यासाचे नियम

वरील विवेचनातून दृष्टांत अभ्यासताना पाळावयाचे चार नियम निघतात.

१. प्रथम प्रसंग पाहावा. दृष्टांत कोणाला, कोणत्या प्रश्नावर, कोणत्या प्रकरणात सांगितला हे निश्चित झाल्यावाचून अर्थाकडे वळू नये.

२. वक्त्याने किंवा परंपरेने दार्ष्टांतिक दिले असेल तर तेथे थांबावे. त्याने मोकळ्या सोडलेल्या जागा आपल्या कल्पनेने भरू नयेत. संख्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

३. सुचलेला अर्थ आपल्या मतास फारच सोयीस्कर असेल, तर तो दुप्पट तपासावा.

४. दृष्टांताने जे करावयास सांगितले ते अर्थ लावल्यानंतरही करावयाचे उरते की नाही, हे पाहावे. उरत नसेल तर अर्थ चुकला असे समजावे.

यांतील चौथा नियम सर्वांत कठीण आहे, कारण तो बुद्धीची नव्हे तर आचरणाची परीक्षा घेतो. स्वामींचे दृष्टांत ऐकून आपण शतकानुशतके त्यांचे पठण करीत आलो. पठणाने शब्द राहिले, दार्ष्टांतिकाने अर्थ राहिला. आचार मात्र कोणत्याही पोथीला आपल्यासाठी राखून ठेवता येत नाही. तो प्रत्येकाने स्वतःच करावा लागतो. पुढील वेळी पोथी उघडताना प्रत्येक अभ्यासकाने एकच दृष्टांत घ्यावा, त्याचे सूत्र व प्रकरण पाहावे, आणि त्याने आपल्याला कोणती आज्ञा केली आहे ते एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य लिहिता आले म्हणजे दृष्टांत समजला.